सिंधुबाईंची दोन बोटं

रनाळ्यात नव्यानेच सून म्हणून आलेल्या रूपालीकडे दुपारचं काम एकच. नणंदेला, ममताला, नाचाच्या तालमीला न्यायचं आणि चहाच्या वेळेआधी घरी आणायचं. ममताची हळद तोंडावर आली होती.

नाच बसवायच्या सिंधुबाई. तरुणपणी त्या तमाशाच्या फडात नाचल्या, शिट्ट्या झेलत अख्खा खानदेश फिरल्या. मग गुडघे गेले. तेव्हापासून गावातल्या लग्नांचे, शाळांच्या गॅदरिंगचे नाच त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बसवत. खुर्चीच्या हातावर त्यांची दोन बोटं नाचायची, आणि समोरच्या पोरीने पायांनी तेच करायचं.

"पायेसकडे नको देखू. मन्हा बोटेसकडे देख."

त्या दुपारी वीज गेली. गाणं मध्येच तुटलं, पंखा कुरकुरत थांबला. बंद खोलीत घामाचा आणि जुन्या पावडरीचा वास दाटून आला. ममता मात्र नाचतच होती.

"बस व माय, हळदले काही ठेव!" रूपाली हसली.

"वहिनी... मन्हा पाय थांबतस नही..."

ममता रडत होती. रूपालीने खुर्चीकडे पाहिलं. सिंधुबाईंची मान छातीवर कलली होती, डोळे अर्धे उघडे. श्वास नव्हता. आणि बोटं... बोटं टकटक चाललीच होती.

रूपालीने झडप घालून ती मुठीत धरली. गार होती. ममता धपकन खाली बसली. तिच्या टाचा फुटल्या होत्या.

माणसं जमली. सिंधुबाईंना जमिनीवर घेतलं, तिरडी बांधून झाली, तरी रूपालीने हात सोडला नाही. मुठीत ती बोटं पकडलेल्या पाखरासारखी धडपडत होती.

"सोड ना. लोकं देखी ऱ्हायनात," तिचा नवरा हेमकांत कानाशी पुटपुटला.

"नका ना हो... ममताले..."

पुढे काय सांगणार? आणि नव्या नवरीचं ऐकणार कोण? शेवटी सासूबाईंनीच तिची मूठ उकलली, एकेक बोट करून. रूपालीने डोळे गच्च मिटले.

ममताचे पाय हलले नाहीत.

रूपालीचा जीव भांड्यात पडला. तिरडी उचलली गेली. कापडाखालून बांबूवर टकटक ऐकू आली. पुढच्या खांद्याला हेमकांत. स्वतःच्या वरातीत मित्रांनी ओढूनही जो जागचा हलला नव्हता, त्याचं पाऊल टाच आपटून तिरकं पडलं. मग शेजारच्याचं. मग मागच्या दोघांचं.

हेमकांतने वळून ओट्यावर उभ्या बायकोकडे पाहिलं. पाय मात्र नाचतच होते.

स्मशानाचं वळण आलं... आणि मागे पडलं.