सूर हलत नाही म्हणून

"ताई, हे बिघडलंय... बघता का?"

नारायणगावात बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात मी एकटीच होते. दारात एक उंच मुलगा. स्वतः पावसात चिंब, पण काखेतला सिंथेसायझर मात्र रेनकोटात नीट गुंडाळलेला!

"ताई नका म्हणू," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि कानांच्या पाळ्या तापल्या. "ज्योत्स्ना."

"मी राजरत्न. इथल्याच मढ गावचा. भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. मुंबईवरनं हा जुना आणला. पन हे बटण फिरवलं की सूर हलतच न्हाई... नुसतं किंचाळतंय!"

मी पट्टी दाबून बटण फिरवलं. खरंच! सूर जागच्या जागी, आवाज मात्र गुरगुरीपासून किंकाळीपर्यंत. मग एक छोटा खटका दिसला आणि मला हसू आलं.

"काही बिघडलं नाही. सिंक चालू राहिलंय. यात आवाज काढणारे दोन ऑसिलेटर आहेत. हा खटका लावला, की पहिल्याचा फेरा संपला रे संपला, दुसऱ्यानंही नव्यानं सुरुवात करायची... त्याचा फेरा अर्धवट असला तरी. म्हणून सूर पहिल्याचाच राहतो."

"बिचारा दुसरा! त्याचं काईच चालत न्हाई?"

"चालतं की. त्याचं बटण फिरवलं की आवाजाचा रंग बदलतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं... जरा जास्तच वेळ.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर. तीच तक्रार, तोच खटका. त्याच्या पुढच्या आठवड्यातही!

"आपोआप लागतो व्हय?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"यष्टी लई हादरते ना..." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. मग दोघंही हसत सुटलो.

दिवाळीनंतर मात्र तो नुसती पिशवी घेऊन आला.

"विदर्भात दौरा हाय. उद्या निघतोय. उन्हाळ्यातच परत."

मी हातातली वायर उगीच सोलत राहिले. "रविवारी मला बघायला पुण्याचे पाहुणे येणारेत."

तो काही बोलणार तोच बाबा आत आले. राजरत्नचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, निघून जाईल...

"जय भीम, काका," तो पुढं होत म्हणाला. "मला ज्योत्स्नाशी लगीन करायचंय. दौऱ्यावरनं आलो की आई-दादांना घिऊन येतो."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडं वळले. "तुझं काय?"

"रविवारच्या पाहुण्यांना... नको म्हणून कळवा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी चहा सांगून येतो," म्हणत ते बाहेर पडले.

टपरी दुकानाला लागूनच होती. पण बाबा बराच वेळ परतले नाहीत.