ताईचं रीळ

ध्वनिसंग्रहातल्या बाईंनी बेचाळीस वर्षं रिळं सांभाळली. तेव्हा एक शिस्त होती. ध्वनिमुद्रण थांबवताना मुद्रण करणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "फीत संपली." म्हणजे आवाज मधेच तुटला, अशी शंका पुढे कुणाला नको.

बाईंनी ही शिस्त एकदाच मोडली, आणि तीही सख्ख्या बहिणीपाशी.

ताई अंथरुणाला खिळली होती. तिच्या आठवणी टिपून झाल्या आणि बाईंना बस गाठायची घाई झाली. ताई म्हणाली, "एक राहिलंच गं. या खोलीत मला कधी कधी एका म्हातारीचा..."

"उद्या सांग," म्हणत बाईंनी खटका दाबला.

कामाच्या रगाड्यात तो उद्या आलाच नाही. आठव्या दिवशी ताई गेली.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आता रिळांच्या अगडबंब फायली लोकांना घरबसल्या उतरवून घेता येणार होत्या. त्या जुन्या एफटीपी पद्धतीनं पाठवायच्या की नव्या एचटीटीपीनं, यावर बाईंची सही हवी होती.

"एचटीटीपी आधीच सांगतं, एवढं एवढं येणार," संग्रहातली इंजिनियर त्यांना समजावत होती. "एफटीपीचा तसा नेम नाही. ओळ, म्हणजे जोडणी, मिटली की फाइल संपली समजायचं."

"आणि मिटलीच नाही तर?"

"तर बसा ऐकत! माझ्या सासूबाईंचा फोन असतो ना, तसं."

बाई हसल्या. चाचणीसाठी त्यांनी ताईचं रीळ दिलं.

एचटीटीपीनं ते एकेचाळीस मिनिटं बारा सेकंदांचं आलं आणि खटक्यापाशी थांबलं. एफटीपीनं मात्र ते खटक्याच्या पुढेही येत राहिलं.

आधी नुसतीच खोली. भिंतीवरचं घड्याळ. मग खाट करकरली. ग्लासात चमचा फिरला. ताई औषध ढवळायची तो आवाज बाईंनी लगेच ओळखला.

"दुसऱ्या कुठल्या तरी फायलीत घुसलंय," इंजिनियर म्हणाली. "बंद करू?"

"राहू दे. सही उद्या करते."

दुसऱ्या दिवशीही ओळ मिटली नव्हती. बाई हेडफोन लावून बसल्या. ते राहिलेलं वाक्य ताई आता बोलेल, मग बोलेल. ताई बोलत नव्हती. ती फक्त खोकायची, कूस बदलायची, आणि दाराबाहेर कुणाची पावलं वाजली की श्वास रोखायची. पावलं पुढे निघून जायची.

"बाई, जेवलात का?" इंजिनियरनं विचारलं. "सही राहू दे, पण चेहरा बघा तुमचा."

सहाव्या दिवशी चमच्याचा आवाज थांबला. सातव्या दिवशी श्वासाला घरघर लागली.

बाईंनी बोटांवर दिवस मोजले.

उद्या आठवा.

ते त्यांना ऐकवणार नव्हतं. समोर माइक नव्हता, तरी त्या पुढे वाकल्या. घसा साफ केला. चाळीस वर्षं राहिलेलं ते त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"फीत संपली."

ओळ मिटली.

इंजिनियरनं मान वर केली. "संपली? आपोआप?"

बाईंनी एचटीटीपीवर सही केली. जुनी सेवा त्याच दुपारी बंद झाली.

"शेवटचं एकदा तपासू," म्हणत इंजिनियरनं ताईची फाइल नव्या वाटेनं मागवली. आकडा आला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "एकेचाळीस मिनिटं एकोणीस सेकंद. सात सेकंद वाढले कसे?"

बाईंनी हेडफोन लावले आणि शेवट ऐकला. "एका म्हातारीचा..." मग खटका. ग्लासात फिरणारा चमचा.

मग त्यांचाच आवाज. तेव्हाचा नव्हे, आजचा, म्हातारीचा, चिरका. "फीत संपली."

चमचा थांबला.

"कोण आहे?" ताईनं दबक्या आवाजात विचारलं.