दोन मात्रांची उडी

इंग्रिड टोलेफसननं रियाजाच्या खोलीचं दार ढकललं, तर आत एक उंच मुलगा उभा. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि तोंडात... काहीतरी.

"ही खोली आत्ता माझी आहे," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. जागचा मात्र हलला नाही.

"बोलता येतं ना?"

त्यानं एक बोट वर केलं. मग तोंडातून वाद्याच्या नळीला लावून फुंकायची वेताची इवलीशी रीड काढली, दिव्यासमोर धरून निरखली आणि म्हणाला, "येतं. पण ही आधी भिजावी लागते. बॅसून वाजवणाऱ्याला लोक मुका समजतात, नाहीतर उद्धट."

"मी उद्धट समजले."

"बरोबर समजलीस. एमिल फॉन्टनो. मी तुझ्याकडेच आलोय."

बाहेर मिनेसोटातला फेब्रुवारी होता. पायऱ्यांवर बर्फ घट्ट जमलं होतं आणि त्यावरूनच एमिलबरोबर पियानो वाजवणारी मुलगी आदल्या दिवशी घसरली होती. मनगट मोडलं. आणि शुक्रवारी एमिलची फेलोशिपची चाचणी होती.

"ती फेलोशिप?" इंग्रिडनं विचारलं.

"दुसरी आहे कुठे?"

नव्हतीच. आधी विद्यापीठाच्या संगीत विभागाला तीन-तीन मिळायच्या, यंदा एकच होती. ज्याला मिळेल त्याची फी माफ, वर राहण्या-खाण्यापुरते पैसे, आणि काम काय, तर फक्त आपलं वाद्य वाजवायचं. गाणारे, वाजवणारे, सगळेच तिच्यावर डोळा ठेवून होते. इंग्रिडनं तर ती मनातल्या मनात खिशात टाकलीच होती. यात तिला गर्व वाटत नव्हता, तिला तो साधा हिशेब वाटायचा. तिच्याइतका स्वच्छ पियानो विभागात कुणाचा नव्हता. आणि ती मिळाली नाही, तर उन्हाळ्यात गाशा गुंडाळून गावी जायचं, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि मधल्या दिवसांत कुणाच्या तरी अंत्यविधीला वाजवायची वाट बघायची. पाद्रीबाबांचे 'कधी येतेस?' म्हणून दोन फोनही येऊन गेले होते.

तशी विभागात आणखी एक वाट होती, साथीची जागा. शिक्षण फुकट, पण दिवसभर दुसऱ्यांच्या मागे बसून पियानो वाजवायचा. तिचं नाव काढलं की इंग्रिड नाक मुरडायची.

"मीही त्याच फेलोशिपसाठी उभी आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि तरी मलाच विचारतोस?"

"शेजारच्या खोलीत बसून अख्खं वर्ष तुझा पियानो ऐकलाय. हरायचंच असेल तर चांगल्या सोबतीनं हरावं."

"जिंकलास तर?"

"तर तुला गंबो खाऊ घालीन, आमच्याकडचं झणझणीत कालवण. हरलो तरी घालीन. आमच्या लुइझियानात गंबोला निमित्त लागत नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती. ऐन वेळी ज्याची साथ सुटते, तो ज्या दारावर टकटक करील त्या दारानं हो म्हणायचं, हा इथला रिवाज. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कुणी मोडलाय असंही नाही. शिवाय मुलाचे डोळे हसरे होते... पण ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

पहिल्याच सरावात दोघांची जुंपली.

"तू थांबत नाहीस माझ्यासाठी!"

"तू उशिरा येतोस!"

"मी श्वास घेतो, बाई! पियानोला फुप्फुसं नसतात म्हणून तुला पत्ताच नाही."

"मग आधी सांगत जा."

"श्वास सांगून घेतं का कुणी?" एमिलनं बॅसून खाली ठेवला. "उभी राहा. माझ्याबरोबर श्वास घे. नाकानं नको, तोंडानं. अशी... हां. आता माझ्याकडे बघ."

"बघायलाच पाहिजे?"

"शिकण्यासाठी गरज नाही. मला बरं वाटतं म्हणून."

ती हसली, आणि हसताना श्वास घेता येत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं. मग तो सराव तिथंच बुडाला. दुसऱ्या दिवशी मात्र गाडी रुळावर आली. तिचे डोळे कागदावर असले, तरी तो छाती कधी भरून घेतो ते तिला कळू लागलं. आजवर ती एकटीच वाजवत आली होती. कुणाच्या तरी श्वासाबरोबर आपले हात उचलायचे, यात एवढी मजा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

गुरुवारी त्यानं आपल्या खोलीवर गंबो केला आणि तिला जेवायला बोलावलं. खिडक्यांवर वाफ धरली होती, टोपी अखेर डोक्यावरून उतरली होती, आणि टोपीखालचे केस छान कुरळे होते.

"मी हरलो तर गावच्या शाळेत बँड शिकवायची नोकरी आहे," तो वाढता वाढता म्हणाला. "आणि तू हरलीस तर?"

"मी हरत नाही."

"कधीच?"

"आठवत तरी नाही."

"मग मला सामान बांधायला घ्यायला हवं," तो हसत म्हणाला.

इंग्रिडनं चमचा खाली ठेवला. आपण जिंकलो तर हा जाणार... हा विचार चार दिवसांत एकदाही आला नव्हता, तो आता आला आणि बसूनच राहिला. तिला स्वतःचाच राग आला. तो तिनं गंबोवर काढला.

"तिखट झालंय."

"मिनेसोटाच्या माणसाला काकडीसुद्धा तिखट लागते," एमिल म्हणाला आणि तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. ठेवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. पेला सोडायला दोघांनीही जरा वेळच लावला.

शुक्रवारी सकाळी इंग्रिडनं आपलं वाजवलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. परीक्षकांत मधोमध बसलेल्या विभागप्रमुख डॉ. आल्टमन "धन्यवाद" म्हणाल्या, आणि ती ताठ मानेनं बाहेर आली.

दुपारी ती पुन्हा त्याच पियानोवर बसली. या वेळी एमिलसाठी.

पहिला भाग झकास झाला. दुसरा संथ होता. त्यात पियानो एकटाच बराच वेळ वाजतो आणि मग बॅसून हळूच येऊन मिळतो. इंग्रिड तो एकटा तुकडा वाजवत होती... आणि तिला श्वास ऐकू आला. एमिलचा. दोन मात्रा आधी!

तो चुकला होता. कागदावर होतं तसं ती वाजवत राहिली असती, तर दोघांचे सूर एकमेकांवर आदळले असते, सगळ्यांदेखत तो तोंडावर आपटला असता, आणि तिचं काम झालं असतं. तेही तिची काडीचीही चूक नसताना. हे सगळं तिला सुचलं ते मागाहून. त्या क्षणी तिच्या हातांनी दोन मात्रा गाळून उडी घेतली, आणि एमिलचा सूर उमटला तेव्हा पियानो त्याच्याखाली हजर होता. खोलीत कुणाला काही कळलं नाही. फक्त एमिलचे डोळे मोठे झाले, आणि डॉ. आल्टमननी चष्मा काढला.

सोमवारी त्यांनी इंग्रिडला बोलावून घेतलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं म्हणून.

"फेलोशिप एमिलला दिली."

"माझं काय चुकलं?"

"काहीच नाही. तुझं वाजवणं बिनचूक होतं. त्याचं ऐकताना मात्र आम्ही परीक्षक आहोत हे विसरलो."

ती खाली आली, कोट टांगायच्या खोलीत शिरली आणि कोटांच्या आड उभं राहून मनसोक्त रडली. हरणं असं असतं तर! मग तोंड धुऊन बाहेर आली, तो समोरून एमिल बर्फातून पळत येताना दिसला.

"मी सांगतो त्यांना! चुकलो मी, सावरलंस तू. मला नको ती, तुला—"

"खबरदार!"

तो थबकला.

"तू भीक घालणार आणि मी घेणार? दोन मात्रा सोडल्या तर बाकी सगळं तुझं होतं. मी शेजारीच बसले होते, मला कळतं."

"पण मग तू जाणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे कान थंडीनं लाल झाले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते थंडीचं वाटत नव्हतं. गेल्या आठवड्यात इतकं सुख कशानं मिळालं, हे तिनं स्वतःला पहिल्यांदा खरंखरं विचारलं. सकाळच्या बिनचूक वाजवण्यात ते नव्हतं. ते दुपारी होतं.

"इथंच थांब," म्हणून ती उलट्या पावली वर गेली.

"साथीची जागा भरलीत?" तिनं दारातूनच विचारलं.

डॉ. आल्टमननी मान वर केली. "ती? तू तर नाक मुरडायचीस."

"सोडलं मुरडणं."

"तास जास्त, पैसे कमी. ट्यूबाचं ते भलंमोठं पितळी धूड फुंकणाऱ्यांनाही साथ करावी लागेल."

"ट्यूबावाले श्वास घेतात ना? मग जमेल."

बाई हसल्या. "शुक्रवारच्या त्या दोन मात्रा कुठे गेल्या ग?"

इंग्रिडनं जीभ चावली.

"उडी शिकवता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं शिकवायचा प्रयत्न करतेय. ये सप्टेंबरपासून."

खाली एमिल तिथंच उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

"राहतेय मी," ती म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"इतका भाव खाऊ नकोस. माझ्यासाठी. तू इथं आहेस हे... वरकड."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "एक विचारू? तू जिंकत होतीस. तरी उडी घेतलीस. ते... प्रेम होतं का?"

इंग्रिडनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. तेव्हा प्रेमबिम काही नव्हतं. हातांनीच घेतली ती उडी."

त्याचा चेहरा पडला. तिनं हातमोजे काढले आणि त्याचे गार पडलेले कान दोन्ही तळव्यांत धरले.

"प्रेम पुढच्या ओळीत झालं."

"कुठल्या?"

"वाचलो हे कळल्यावर तू वाजवता वाजवता हसलास ना, तिथं. तुझा सूर जरासा चढला."

"ऐकू आलं तुला?"

"पियानोचा सूर चढत नाही, एमिल. नाहीतर माझाही चढला असता."

एमिलला यावर बरंच काही बोलायचं होतं, पण इंग्रिडनं त्याला बोलू दिलं नाही.