कप्तानांची काच

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. सुरुवात अगदी साधी आहे, एका गाडीच्या दुरुस्तीची. पण देवानं त्या दुरुस्तीतून माझ्या हातून जे करून घेतलं, ते बरं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्ही ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा.

माझं काम उघडझाप करणाऱ्या टपाच्या जुन्या गाड्यांचं. कापडी टप आमची ही शिवते, काचा मी बसवतो. अशा गाडीच्या दाराला वरची चौकट नसते. काच नुसती उभी राहते आणि टपाच्या रबराला जाऊन टेकते. ती केसभर बाहेर कलली, तरी पाणी आत शिरतं.

ते कुठून शिरतं हे शोधायची आमची एक रीत आहे. ही आत बसते, मी बाहेरून नळीनं पाणी सोडतो, आणि थेंब दिसला की ती त्या जागी काचेवर टकटक करते. "आमच्या संसारात एवढंच काय ते यांना ऐकू जातं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंची गाडी टोइंगवाल्यानं पुढची चाकं उचलून आणली. फिकट निळी, बसायला दोघांपुरती जागा. त्यांचे यजमान, म्हणजे कप्तान. जन्मात होडीत बसले नसतील, पण टप उघडून गाडी चालवताना पांढरी टोपी घालायचे, म्हणून गल्लीनं त्यांना कप्तान केलं होतं. आता त्यांची वाचा गेली होती, अंगही लुळं पडलं होतं. एका हाताची बोटं तेवढी हलायची.

"त्यांना एकदा पुलापर्यंत फिरवून आणायचंय," बाई म्हणाल्या. "छाती फार नाजूक झालीये. डॉक्टर म्हणतात, न्या, पण आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नको आणि ओल तर अजिबात नको. जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं," आमची ही म्हणाली. "पाणी यांना घाबरतं. मलाच तेवढं नाही घाबरत."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही पाणी लावलं. वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं आत येत होतं. टपावर पाणी पडायला लागलं की दूर कुठेतरी खूप माणसं एका सुरात गात असल्यासारखं वाटतं. मला त्या आवाजात नेहमीच गुंगी येते. ही शेजारच्या सीटवर बसली होती. पुढच्या कोपऱ्यात टकटक झाली. मी खूण केली. मग स्टिअरिंगच्या बाजूला, काचेच्या पार मागच्या टोकाला टकटक झाली. तिथेही खूण केली.

ही बाहेर आली आणि त्या दुसऱ्या खुणेकडे बघत राहिली.

"हे काय?"

"तू ठोकलंस ना?"

"अहो, माझा हात पोचतो का तिथं?"

मी दार उघडून रबराच्या खाली बोट फिरवलं. तिथे खरोखरच पाणी होतं. आतून कापड भिजून सीटच्या पाठीवर, खांद्याच्या उंचीला, ओला डाग पडला होता.

संध्याकाळी मास्तरीणबाई डोकावल्या. चेहरा ओढलेला. "काय सांगू, आज दुपारी यांचा सदरा खांद्यावर चिंब झाला. उशी कोरडी, चादर कोरडी, वर छत कोरडं. आणि पलंगाच्या दांडीवर बोटानं सारखं ठोकत होते. आता खोकला लागलाय."

हिनं माझ्याकडे बघितलं. मी पाना पुसत राहिलो. सकाळपासून तो पुसलेलाच होता.

त्यानंतर आम्ही पाण्याला हात लावला नाही. दाराचं आतलं कव्हर काढलं. काच ज्या दोन पट्ट्यांतून वर-खाली जाते, त्यांचे नट ढिले केले आणि काच हळूहळू आत कलवत आणली. रबराला खडू लावायचा, काच वर न्यायची. जिथे टेकेल तिथे पांढरी रेघ उठते, जिथे रेघ तुटते तिथे फट. कीर्तनाला बसल्यावर जसं मन एका जागी लागतं, तसं माझं त्या रेघेला लागलं होतं. शेवटी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उठली. दुसऱ्या काचेचंही तसंच जुळवलं.

पण खडू म्हणजे पाणी नव्हे. एकदा पाणी लावून बघितल्याशिवाय त्या माणसाला आत बसवणार कसं? आणि लावलं, आणि एक थेंब जरी आत गेला, तर त्याचा खोकला कुणाच्या माथी?

आमची ही घरात गेली आणि तिची जाड शाल घेऊन आली. स्टिअरिंगसमोरच्या रिकाम्या सीटवर, खांद्यांवरून लपेटावी तशी, तिनं ती घातली.

"दादा, एवढंच शेवटचं," ती सीटला म्हणाली. "जरा सोसा."

दोन्ही दारं लावून आम्ही बाहेर उभे राहिलो. मी पाणी सोडलं, आधी बारीक, मग जोरात.

टकटक झाली नाही.

मी नळ बंद केला. टपावरून शेवटचं पाणी ओघळलं, आणि शेडमध्ये इतकं शांत झालं की हिच्या बांगड्या ऐकू आल्या.

मग स्टिअरिंगच्या बाजूच्या काचेवर, आतून, वाफ धरली. बशीएवढी. ती विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

घाई नव्हती तिला. झोपलेल्या माणसासारखी.

तेवढ्यात फोन आला. मास्तरीणबाई होत्या. "आज अगदी कोरडे आहेत हो. खोकला नाही, काही नाही. पण इतके शांत झालेत की मी नाकापुढे आरसा धरला. नाडी लागते, पण आरशावर वाफच येत नाहीये."

माझा हात दाराच्या मुठीवर होता.

"उघडू नका," ही म्हणाली.

मी टोइंगवाल्याला बोलावलं. त्या सीटवर बसून गाडी चालवायची छाती कुणाला होती? पुढची चाकं उचलली आणि मी त्याच्या शेजारी बसलो. गाडी बाईंच्या दारात नेली तेव्हा उन्हं उतरली होती. वर कप्तानांजवळ त्यांची बहीण बसली होती. बाई खाली आल्या, काचेसमोर उभ्या राहिल्या, आणि वाफ येते-जाते ते कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"किती दिवसांनी गाडीत बसलेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी पलीकडचं दार जेमतेम उघडलं, अंग चोरून आत शिरल्या आणि लगेच ओढून घेतलं. आम्ही पुलापर्यंत गेलो. मागे वळून बघितलं तेव्हा बाई बोलत होत्या. मधेच थांबायच्या, कुणाचं ऐकून घेतात तशा, आणि हसायच्या.

परत आलो तर बहीण पायरीवर उभी होती. "गेला," ती म्हणाली. "आत्ताच. कुठलाही त्रास नाही झाला."

बाई उतरल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. दार त्यांनी अलगद, पण घट्ट लावलं, आणि मला म्हणाल्या, "गाडी तुमच्याकडेच राहू दे. उघडू मात्र नका."

ती आमच्या शेडमध्ये उभी आहे. स्टिअरिंगच्या बाजूच्या काचेवर वाफ येते आणि जाते. मी फट बुजवली ती कुणाला कोरडं ठेवायला, की कुणाची वाट बंद करायला, हे रोज देवाला विचारतो.

या आठवड्यात पलीकडच्या, बाई बसल्या होत्या त्या बाजूच्या काचेवरही वाफ धरायला लागली आहे. मास्तरीणबाई ठणठणीत आहेत. काल चालत आल्या, चहा घेतला, हिच्या शिवणात चूक काढली. ती बाजू त्यांना दिसू नये म्हणून आमची ही सगळा वेळ तिथे टेकून उभी होती.

आता घरी जाल, तेव्हा वाटेत कप्तानांना आठवा. आणि मास्तरीणबाईंनाही आठवा. पण जिवंत माणसाला आठवतात तसं.