माळावरचं नाव

"पाखरांम्होरं पोरीचं खरं नाव घिऊ नगंस, बाई," राहीबाई म्हणाल्या, तेव्हा पल्लवी डब्यात दशम्या भरत होती. सासूचं बोलणं तिनं ऐकलं आणि डब्याला झाकण लावून टाकलं.

राहीबाईंचं माहेर-सासर दोन्ही कवठे महांकाळकडचं, मेंढरांमागं हिंडलेलं. त्यांच्यात लेकराला दोन नावं असायची. बारशाचं नाव घरात घ्यायचं, आणि माळावरचं उघड्यावर हाक मारायला. त्यांचा मल्हार, पल्लवीचा नवरा, माळावर धोंड्या होता. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली त्यांची चार वर्षांची सृष्टीही आजीपुरती धोंडीच. पल्लवी इस्लामपूरची, बी.एस्सी. झालेली, वडील साखर कारखान्यात नोकरीला. खाली पार्किंगमध्ये सासूनं "ए धोंडे" म्हणून हाक दिली की शेजाऱ्यांसमोर तिला कानकोंडं व्हायचं.

काळजी करण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निघताना तिनं ओआरएस घेतलं, जादा फ्रॉक घेतला, पोरीच्या मनगटावर पेनानं आपला मोबाइल नंबर लिहिला.

"अगं, पाखरं बघायला चाललोय, बॉर्डरवर न्हवं," मल्हार म्हणाला.

पक्षी उद्यान कराडच्या पुढं, हायवे सोडून बरंच आत. अख्ख्या टेकडीवर जाळी ताणलेली. प्रत्येक पिंजऱ्याला दोन दारं. मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. ओल्या दाण्यांचा, पिकून फुटलेल्या पपईचा आणि विष्ठेचा मिळून एक कोमट वास. शहामृगाजवळ गर्दी होती म्हणून मल्हारनं पोरीला खांद्यावर घेतलं, तशी ती त्याचे केस धरून रडायला लागली.

"बाबा, उतलव. मला खाली उतलव."

तिला उंचीची फार भीती. घसरगुंडीची पहिली पायरीसुद्धा ती चढत नसे. र अजून जिभेवर आला नव्हता, आणि स्वतःचं नाव ती 'सुट्टी' असं सांगायची.

"आमची सुट्टी खांद्यावर बसंना, कामावर कधी जायाची," मल्हार म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

शेवटचा पिंजरा डोंगरी मैनांचा. दाट बांबू, मधून वळणाची पायवाट. काळ्याभोर मैना, डोळ्यामागं पिवळ्या कातडीची पट्टी. एक शिट्टी मारत होती, एक कुणासारखी तरी खोकत होती.

"आत्या, त्या नुसती नक्कल करतात," पल्लवी सासूला म्हणाली. "अर्थ कळत नाही त्यांना."

"आरथ कशाला पायजेल? हाक घावली की बास," राहीबाई म्हणाल्या.

पाण्याच्या बाटलीचं बूच घट्ट बसलं होतं. ते काढायला पल्लवीनं पोरीचा हात सोडला. बूच निघालं तेव्हा पोरगी शेजारी नव्हती.

पायवाट दोन्हीकडून रिकामी. मल्हार मागं धावला. राहीबाई बांबूकडं तोंड करून हाक मारू लागल्या, "धोंडे, ए धोंडे." जाळीबाहेरची माणसं बघायला लागली. पल्लवीनं गळा फाडून हाक मारली. "सृष्टी! सृष्टी!"

शिट्ट्या थांबल्या. खोकणं थांबलं.

एवढ्या पिंजऱ्यात एक पंख हलत नव्हता. पल्लवीनं वर पाहिलं. सगळ्या मैना तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

मग बांबूच्या बुंध्यामागून पोरगी आली. सावकाश, मान किंचित तिरपी करून. ती आईकडं आली नाही. आजीपाशी गेली आणि तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली. राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. मल्हारनं पोरीच्या हातात केळं दिलं आणि हसत मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. वरून कुणीतरी म्हणत होतं, "सृष्टी! सृष्टी!"

"तुझाच आवाज की गं," तो पल्लवीला म्हणाला.

आवाज तिचाच होता. त्यातला घाबरलेपणाही तिचाच.

मनगटावरचा नंबर पुसून गेला होता. घामानं गेला असेल, असं पल्लवीनं गाडीत स्वतःला सांगितलं.

त्या दिवसापासून पोरगी सृष्टी म्हटलं की वळत नाही. डॉक्टरांनी कान तपासले. दोष काही नाही. धोंडी म्हटलं की धावत येते. जेवते, खेळते, पल्लवीच्या कुशीत शिरून झोपते. र स्वच्छ म्हणते. एका दुपारी ती खिडकीच्या गजांवर चढून पार वर, छताला डोकं लावून बसलेली सापडली, मजेत.

सृष्टी म्हटल्यावर ती फक्त वर बघते. दुसरं कुणीतरी ओ देईल म्हणून थांबल्यासारखी.

तो व्हिडिओ पल्लवीनं नंतर कान लावून ऐकला. तिच्या आवाजातल्या हाका संपतात. पोरगी समोर उभी, ओठ मिटलेले, गालात केळं. आणि वरून, अगदी बारीक:

"आई, उतलव."

तिनं मोबाइल सासूपुढं धरला. राहीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, पण नवल काही केलं नाही.

"एक हाक तू मारलीस, एक मी," त्या म्हणाल्या. "माझ्या हाकंला ही आली. हिचा काय गुन्हा? ही बी लेकरूच हाय. हिला जप."

पल्लवी जपते. जपताना तिला माया येते, आणि माया आली की रडू येतं.

एकदा तिनं मल्हारला गाडी काढायला लावली. हायवे सोडून आत वळले, तशी मांडीवरची पोर थरथरायला लागली. तिनं पल्लवीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आई, तिथं नको. तू तिला हाक मारशील."

"मारली तर काय होतं गं?"

पोर नुसती रडली, आवाज न करता. पल्लवीनं तिला छातीशी घेतलं आणि गाडी वळवायला सांगितली.

तेव्हापासून ती तिकडं जाणाऱ्या प्रत्येकाला गाठते, आणि आता तुम्हालाही तेच सांगतेय. गेलात तर शेवटच्या पिंजऱ्यात जाऊन या. नाव घेऊ नका, कुणाचंच. नुसतं बघा, ती खाते-पिते का. आणि जमलं तर थोडा वेळ फांदीखाली हात पसरून उभे राहा. तिला उंचावर बसायची सवय नाही.