डबीतली सहावी जागा

भर चौकात एक गोल डोळ्यांची जुनी निळी गाडी उभी होती आणि तिचा भोंगा काही केल्या थांबत नव्हता. मागची वाहनं खोळंबली होती, फुलवाला कानात बोटं घालून बसला होता आणि गाडीचा मालक रडणारं मूल थोपटावं तसं स्टिअरिंग थोपटत होता. एक तरुणी तिथून कामावर निघाली होती. काही न विचारता तिने बॉनेट उघडलं, भोंग्याशी वाकून एक वायर ओढली... आणि चौक एकदम गप्प झाला.

"बरं झालं," तो खाली उतरून म्हणाला. "आता निदान शिव्या तरी नीट ऐकू येतील."

ती हसली नाही. वायरला चिकटपट्टी गुंडाळून दिली, आपल्या काकांच्या गॅरेजचा पत्ता सांगितला आणि चालू लागली. कोपरा वळल्यावर मात्र तिला हसू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी तो गॅरेजात हजर झाला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बोटं सडपातळ, बोलणं सावकाश. गाडी त्याच्या आईच्या मामांची. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांची घाटफेरी होती, आणि घाटात धुकं असतं म्हणून त्याला धुक्याचे दिवे, काचेवर वारा सोडणारा पंखा आणि एक सॉकेट बसवून हवं होतं.

"त्यात काय," काका म्हणाले. "दिव्याच्या वायरलाच जोड दे. दोन फ्यूजवर चाळीस वर्षं चालली ना गाडी?"

"आणि फ्यूज उडाला तर?"

"चांदी गुंडाळायची." काकांचा तो हातखंडा होता. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली की गाडी चालू. मग आत वायर भाजली तरी गिऱ्हाईक घरी पोचलेलं असे.

भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या पुतणीला काकांनी सुट्या भागांच्या काउंटरवर बसवलं होतं. तिला हवं होतं मागच्या भिंतीजवळचं वायरिंगचं टेबल. त्या दिवशी तिने हट्टच धरला. बॅटरीपासून जाड वायर नव्या डबीत आणायची, डबीत सहा जागा; जुने दिवे, भोंगा आणि तीन नव्या वस्तू, प्रत्येकाला आपापला फ्यूज. काकांनी मिशीवरून हात फिरवला. "कर. पण घाट चढताना एक जरी फ्यूज उडाला, तर पुन्हा टेबलाचं नाव काढायचं नाही."

मग तीन आठवडे तो रोज दुकान बंद करून येऊ लागला. ती बॉनेटखाली, तो शेजारी स्टुलावर टॉर्च धरून. तो चहा आणून द्यायचा; ती कप मडगार्डवर ठेवायची आणि विसरायची. डायनॅमो बावीस अँपिअरचा, म्हणून प्रत्येक गोष्टीचा भार ती वहीत लिहून घेत होती.

"सॉकेटवर काय चालवणार?"

तो घुटमळला. "काही विशेष नाही... दाढीचं मशीन."

"घाटात दाढी करणार?"

"शेजारी कोण बसणार त्यावर आहे."

तिने मान खाली घातली आणि सॉकेटला दहाचा फ्यूज बसवला. कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या होत्या. पाच जागा भरल्या, सहावी का रिकामी, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पुढे काही वाढवावंसं वाटलं तर."

घाटफेरीच्या दिवशी वायरिंगवर नजर ठेवायला ती त्याच्या शेजारी बसली. मागे काही अंतरावर काका त्यांच्या जुन्या जीपमधून येत होते. निम्म्या चढावर धुकं कापसासारखं दाटलं. दोन पिवळे झोत रस्ता धरून चालले होते, पंखा काच स्वच्छ ठेवत होता. त्याने सॉकेटजवळ काहीतरी चाचपडलं. अर्ध्या मिनिटात डबीतून बारीकसा टक् असा आवाज आला.

ती म्हणाली, "थांबवा."

दिवे चालू होते. पंखा चालू होता. तिने डबी उघडली. सॉकेटचा फ्यूज उडाला होता. सॉकेटमध्ये एक वायर खोचलेली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, सीटखालच्या चहाने भरलेल्या पितळी डब्यात, पाणी तापवायचा रॉड बुडाला होता. त्यावर आकडा होता, एकशे ऐंशी वॅट.

"भागिले बारा, पंधरा अँपिअर," ती हळू म्हणाली. "दहाच्या फ्यूजवर. खोटं का सांगितलंत?"

"तीन आठवडे तुमचा चहा गार होताना पाहिला," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "वर पोचल्यावर एक कप गरम द्यावा म्हटलं. आधी सांगितलं असतं तर... तुम्हाला सगळंच कळलं असतं." मग घाईने, "दुसरा फ्यूज घाला ना. काकांना कोण सांगतंय?"

दुसरा तिच्या पर्समध्ये होता. तिने तो बसवला नाही. उडालेला रुमालात बांधला.

तेवढ्यात मागून जीप आली, दिव्यांशिवाय, जळक्या रबराचा वास घेऊन. चांदीने काही उडू दिलं नव्हतं. म्हणून वायरच पेटली होती. काकांनी ती उपटून टाकली होती, हात काळे झाले होते. मग निळी गाडी पुढे आणि तिच्या मागच्या लाल दिव्याला धरून जीप मागे, अशी वरात माथ्यावर पोचली. धुकं खाली राहिलं, वर लख्ख ऊन होतं.

तिने रुमाल सोडला. "उडाला, काका."

काकांनी फ्यूज उन्हात धरला. "आणि दिवे?"

"सगळे चालू. तो उडण्यासाठीच असतो."

काकांनी आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. मग खिशातून वायरिंगच्या टेबलाच्या खणाची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "सोमवारपासून काउंटरला दुसरं माणूस बघतो. आणि आधी माझी जीप घे, पोरी."

ते लोकांना निळी गाडी दाखवायला निघून गेले, ही आमच्या पोरीने केली म्हणत.

तो पितळी डबा घेऊन उभा होता. तिने एक घोट घेतला. "गारच आहे."

"आता काय करू?"

"सवय आहे मला."

"ती सहावी जागा..." तो अडखळला. "अजून रिकामी आहे?"

"भार किती, त्यावर आहे. या वेळी खरं सांग."

तिने 'सांगा' नाही, 'सांग' म्हटलेलं त्याला ऐकू आलं. "जन्मभराचा," तो म्हणाला.

"मग वायर जाड लागेल," ती म्हणाली, आणि कोपरा वळायची वाट न बघता त्याच्या समोरच खळखळून हसली.