दीड वाजताची पाटी

ही गोष्ट खोटी वाटली तर हसनाबादला जाऊन राधाकिसनलाच विचारा.

फक्त दुपारी दीड वाजता विचारू नका.

साल २००४, जून महिना. रात्रीबित्री नाही, भर दुपार.

राधाकिसन माझा मावसभाऊ. तेव्हा जालन्यात स्टेशनजवळच्या एका बियाण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. कॉम्प्युटर अकरा, इंटरनेटची लाइन एक. मालकाचा हुकूम होता, प्रत्येकाला रोज अर्धाच तास. राधाकिसनने यादीत नावापुढे वेळा घातल्या. स्वतःच्या नावापुढे मात्र घातली नाही, तेवढा तो शहाणा होता.

वेळ झाली की पडद्यावर त्याने लिहिलेली पाटी यायची.

'तुमची वेळ संपली.'

ऑफिसात त्याचं नाव पडलं यमराज. त्यालाही ते आवडायचं.

गोदामाचे सर्जेराव एक ते दीडवाले. त्या दिवशी पोरीचा बारावीचा निकाल होता. पान काही उघडेना.

"राधाकिसन, पाचच मिन्टं दे रे. इंद्रायणीचा निकाल येऊन राह्यला."

"काका, तुम्हाला दिलं की सगळे मागतेत. नियम म्हंजे नियम."

पाटी आली.

"घ्या! यमराजानं बोलावलं," म्हणत सर्जेराव हसतच मोटारसायकल काढून सायबर कॅफेकडे निघाले.

कोपऱ्यावर ट्रक होता...

तेराव्यानंतर राधाकिसनने नोंदी पाहिल्या. सर्जेरावांच्या नावावर इंटरनेट चाललं होतं. रोज. दीड ते एक पस्तीस.

त्यांच्या कॉम्प्युटरचा तर प्लगच काढलेला होता.

त्याने नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नोंदी पाहून मालक भडकला. "कोनाला गुपचूप चालू देऊन राह्यला तू? उद्या दिसलं तर परवा येऊ नको!"

दुसऱ्या दिवशी सगळे डबे खायला गेले. राधाकिसन त्या कॉम्प्युटरसमोर बसला. प्लग हातात धरून.

दीड.

पंखा थांबला. बाहेरच्या ऑटोंचा आवाज थांबला.

टक्... टक्...

कीबोर्डची बटणं आपोआप दबत होती. सावकाश, एका बोटाने. सर्जेराव दाबायचे तशी.

पडदा उजळला. बैठक क्रमांकाचा एकेक आकडा उमटला. मग निकाल.

राधाकिसनने तो वाचला. "पास झाली, काका. मला माफ करा."

बटणं थांबली...

मागे कुणीतरी श्वास सोडला.

निकाल गेला. त्या जागी त्याचीच यादी आली. सर्जेरावांचं नाव त्यात नव्हतं. त्याचं होतं. आजवर नावापुढची जागा कोरी होती, तिथे आता लिहिलं होतं...

शेवट : १.३५.

वेळ होती. तारीख नव्हती.

नोकरी त्यानेच सोडली. आता हसनाबादला शेती बघतो. रोज दीडला हातातलं काम टाकून भिंतीला टेकून बसतो. पाच मिनिटं. रस्ता ओलांडत नाही, पाणीसुद्धा पीत नाही.

मी लई चेष्टा करायचो.

परवा त्याच्याकडे जेवायला बसलो होतो. दीडला त्याने ताट सरकवलं, भिंतीला टेकला. जरा वेळाने हळूच विचारलं, "किती वाजले?"

घड्याळात एक चौतीस.

घास माझ्याही हातातच राहिला.